वॉर्डातला पहिला महिना: नर्सिंग असिस्टंटचं काम शिकताना

पहिल्याच दिवशी तुम्हाला चार-पाच नावांनी हाका येतील. ओळखपत्रावर लिहिलेलं असतं 'जीडीए', म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंट. नातेवाईक 'मावशी' नाहीतर 'मामा' म्हणतात, मग तुमचं वय बावीस का असेना. डॉक्टर घाईत असले की नुसतं 'अरे, कोणी आहे का इकडे?' आणि पेशंट बिचारा दिसेल त्याला 'सिस्टर' म्हणतो. या शेवटच्या हाकेला ओ जरूर द्या, पण लगेच सांगा, "आजी, मी सिस्टर नाही, त्यांना बोलावते." हे का, ते पुढे येईलच.

मी ठाण्यात वीसेक वर्षं वॉर्डात काढली, शेवटची काही इन्चार्ज म्हणून. नवीन मुलंमुली माझ्याच हाताखाली यायची. कोणी मुरबाडकडची, कोणी दिव्याची, कोणी घणसोलीची. बहुतेकांची समजूत एकच: हे काम म्हणजे उचलणं, पुसणं, पॉट देणं. ते आहेच, नाही कोण म्हणतं? पण डॉक्टर पेशंटपाशी पाच मिनिटं थांबतात, सिस्टरच्या अंगावर एकाच वेळी पंधरा-वीस पेशंट असतात, आणि स्पंजिंग करताना, म्हणजे खाटेवरच अंग पुसताना, त्याच पेशंटची पाठ, टाचा, लघवीचा रंग, श्वासाची लय हे सगळं बघायला मिळतं ते तुम्हाला. बघितलेलं नेमक्या शब्दांत सिस्टरच्या कानावर घालणं, हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात कमी शिकवलं जाणारं कौशल्य आहे.

आधी कोर्सची पाटी नीट वाचा

यात लोकांचे पैसे बुडतात म्हणून सुरुवातीलाच. 'सहा महिन्यांत नर्स बना' छापाच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. सहा महिन्यांत कोणी नर्स होत नाही. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा कोर्स २ वर्षांचा, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ३ वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचा. आणि ते पास होऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाली, तर नर्स. जीडीए हा काही महिन्यांचा कौशल्य-प्रशिक्षणाचा कोर्स आहे. त्याची चौकट हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलने ठरवलेली आहे. कोर्स चांगला, कामही सन्मानाचं, फक्त त्याला नर्सिंग म्हणून विकणाऱ्यापासून लांब राहा. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचा, प्रत्यक्ष वॉर्डात किती दिवस उभं करणार आणि कोणत्या रुग्णालयात. तिसऱ्या प्रश्नाला 'बघू, पाठवू कुठेतरी' असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा.

काम कुठे मिळतं? आपल्या भागात सगळ्या तऱ्हा आहेत. ठाण्यात जिल्ह्याचं सिव्हिल आहे, कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि त्याला जोडलेलं मेडिकल कॉलेज. शहापूर-मुरबाडकडचे अवघड पेशंट शेवटी इकडेच येतात. नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरुळ, ऐरोलीत. नेरुळ आणि कामोठ्याला खासगी मेडिकल कॉलेजांची मोठी रुग्णालयं, खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र, आणि ठाण्याचं मनोरुग्णालय तर १९०१ सालचं. शिवाय गल्लोगल्ली १५-२० खाटांची नर्सिंग होम. नवख्यांना माझा सल्ला असा, की जमलं तर सुरुवात मोठ्या रुग्णालयाच्या जनरल मेडिसिन वॉर्डात करा. गर्दी असते, जीव मेटाकुटीला येतो, पण सहा महिन्यांत जे नजरेखालून जातं ते एसी रूमच्या मजल्यावर दोन वर्षांत जात नाही.

पहिली पाळी

सरकारी-महापालिकेकडे पाळ्या साधारण सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ आणि रात्री ८ ते सकाळी ८. खासगीत बऱ्याच ठिकाणी सरळ १२ तास. पंधरा मिनिटं आधी पोचा. ठाण्याहून नवी मुंबईला ट्रान्स-हार्बर लोकलने येणाऱ्यांनी गाडीचा बोर्ड वाचून चढावं: तुर्भ्यानंतर काही गाड्या सानपाडा-वाशीला जातात, काही जुईनगर-नेरुळकडे वळतात. झोपेत चुकीची गाडी पकडून उशिरा आलेल्यांची सबब मी इतक्यांदा ऐकलीय, की नंतर विचारणंच सोडलं.

१. ओव्हर ऐका. आधीची पाळी पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देते, त्याला वॉर्डात 'ओव्हर देणं' म्हणतात. पहिले आठ दिवस त्यातलं निम्मं कळणार नाही. तरी उभे राहा.

२. मग एक फेरी मारा. प्रत्येक खाटेपाशी चार गोष्टी: चाकांचे ब्रेक लागलेत का, कठडे वर आहेत का, घंटी पेशंटच्या हाताला लागते का, आणि युरोबॅग कुठे आहे. लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, म्हणजे लघवी उलटी फिरत नाही. पण जमिनीला टेकलेली नको.

३. पेशंट ओळखा. खाटेचा नंबर ही ओळख नव्हे, खाटा बदलतात. "तुम्ही पाटील ना?" असंही विचारू नका, गुंगीतला माणूस कशालाही 'हो' म्हणतो. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा," असं विचारा आणि मनगटावरच्या पट्टीशी, तिच्यावरच्या नोंदणी क्रमांकाशी ताडा. आपल्याकडे एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन म्हात्रे सहज निघतात, कधी एकाच गावचे.

४. खिशात छोटी वही ठेवा. वेळ आणि आकडा, एवढंच लिहा. ग्लोव्हजच्या पाठीवर किंवा तळहातावर लिहिलेलं धुतल्यावर जातं.

हात

हातांबद्दल सगळे सांगतात आणि सगळे कंटाळतात. तरी ऐका. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हँडरबने, म्हणजे हातावर चोळायच्या सॅनिटायझरने, २० ते ३० सेकंद. क्रम लक्षात राहावा म्हणून प्रशिक्षणात 'सुमन-के' शिकवतात: सीधा, उलटा, मुठ्ठी, अंगठा, नाखून, कलाई. शब्द हिंदी आहेत, पण एकदा डोक्यात बसले की जन्मभर जात नाहीत. पेशंटला हात लावण्याआधी, ड्रेसिंगसारख्या स्वच्छ कामाआधी, लघवी-रक्त-थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या टेबल-चादरीला हात लागल्यावरसुद्धा, अशा पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितल्यात. हात दिसायलाच घाण झाले असतील तर रब चालत नाही, बेसिन गाठायचं. ग्लोव्हज काढल्यावरही हात धुवायचे. अंगठी, घड्याळ, काचेच्या बांगड्या लॉकरमध्ये. बांगड्यांवरून दर बॅचला माझा कोणाशी तरी वाद झालाय, आणि मी एकदाही माघार घेतलेली नाही.

पाच आकडे

तापमान, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ऑक्सिजन. पहिल्या तिघांना चार्टवर 'टीपीआर' म्हणतात. निवांत पडलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, तापमान ९८.६ फॅरेनहाइटच्या आसपास, रक्तदाब १२०/८० च्या आतबाहेर, ऑक्सिजन म्हणजे एसपीओटू ९५ च्या वर. हे पाठ करा, पण पेशंटचा कालचा आकडा त्याहून महत्त्वाचा. ज्याचा बीपी रोज १६० असतो त्याचा आज ११० आला, तर कागदावर तो उत्तम दिसेल. सिस्टरना मात्र ताबडतोब सांगायला हवं.

नाडी मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, दोन-तीन बोटांनी बघायची. आपला अंगठा वापरायचा नाही, त्यात आपलीच नाडी लागते. नवखे असेपर्यंत पूर्ण ६० सेकंद मोजा, आणि लय चुकतेय का ते बघा. बीपीआधी पेशंटला पाच मिनिटं टेकू द्या, हात हृदयाच्या पातळीवर हवा. डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेला फिस्टुला असलेल्या हाताला कफ, म्हणजे बीपीचा पट्टा, कधीही बांधायचा नाही. स्तनाचं ऑपरेशन झालेली बाजू, सलाईन चालू असलेला हात, लुळा पडलेला हात, हेही टाळायचे. ऑक्सिजनचा चिमटा लावताना बोट गार नाही ना, नखाला नेलपेंट नाही ना, ते बघा. ८४ बघून धावत सुटण्याआधी पेशंटकडे बघा, चिमटा बोट बदलून लावा, पण हे सगळं अर्ध्या मिनिटात.

श्वासाबद्दल एक कबुली देते. शिकत होते तेव्हा कंटाळून मी ओळीने आठ पेशंटांचे श्वास न मोजता '२०' लिहून टाकले. सीनियर सिस्टरनी चार्ट बघितला आणि शांतपणे विचारलं, "सहा नंबरच्या बाईंचे कसे मोजलेस गं? त्या तर अर्ध्या तासापासून एक्स-रेला गेल्यात." खरं म्हणजे पेशंट बिघडायला लागला की अनेकदा सगळ्यात आधी बदलतो तो श्वास, आणि सगळ्यात जास्त खोटा लिहिला जातो तोही श्वासच. युक्ती सोपी आहे. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडू नका. नाडीच मोजताय असं पेशंटला वाटू द्या आणि छाती किती वेळा वर येते ते मिनिटभर मोजा. 'आता श्वास मोजते' म्हटलं की माणूस लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो.

लघवीचं मोजमापही याच वहीत. पेशंटने प्यायलेलं आणि बाहेर टाकलेलं याचा हिशेब म्हणजे 'इनपुट-आउटपुट'. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असलेल्या मोठ्या माणसाला तासाला ३० मिली किंवा त्याहून कमी लघवी होत असेल तर पाळी संपायची वाट बघू नका. प्यायलेल्यात चहा, ताक, नारळपाणी सगळं धरायचं. 'घोटभर' हा आकडा नाही.

पाठ, टाच, कूस

स्पंजिंगला बहुतेक जण उरकायचं काम समजतात. माझ्या मते दिवसातली सगळ्यात मोठी तपासणी तीच. पडदा ओढा, पंखा कमी करा, कोमट पाणी आपल्या मनगटावर बघून घ्या. आधी डोळे, आतल्या कोपऱ्यातून बाहेर, प्रत्येक डोळ्याला कपड्याचा वेगळा भाग. मग चेहरा, हात, छाती, पोट, पाय, पाठ, आणि जांघा शेवटी, पाणी बदलून. बायकांना पुसताना नेहमी पुढून मागे; उलटं पुसलं तर शीचे जंतू लघवीच्या वाटेला लागतात. जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा, बाकी चादरीखाली. अर्धांगवायूच्या पेशंटचा शर्ट घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला हात. कवळी असेल तर वाटीत, झाकण लावून, नाव लिहून. टिश्यूत गुंडाळलेल्या कवळ्या केराच्या बादलीत जातात, आणि मग अख्खा वॉर्ड बादल्या उपसत बसतो.

आता पाठ. जे पेशंट स्वतः हलत नाहीत त्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची. कारण साधं आहे: हाड आणि गादीच्या मध्ये कातडी दाबली गेली की तिथलं रक्त थांबतं, आणि ते फार वेळ थांबलं की कातडी मरते. माकडहाड, नितंबाची बाजू, टाचा, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू इथे रोज बघा. लाल दिसलं तर बोटाने हलकं दाबून सोडा. दाबल्यावर पांढुरकं होऊन परत लाल आलं तर अजून वेळ आहे. लाली दाबूनही जात नसेल तर तो बेडसोअरचा, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेचा, पहिला टप्पा. त्याला चोळायचं नाही, त्याच वेळी सांगायचं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेव्हा हाताच्या पाठीने स्पर्श करून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा भुसभुशीत लागतंय का. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात आणि पावसाळ्यात मॅकिंटॉशवर, म्हणजे चादरीखालच्या रबरी कापडावर, पाठ अक्षरशः उकडून निघते. चादर ओली झाली की बदला, सुरकुती पडली की ओढा.

कूस बदलताना एकट्याने मर्दुमकी नको. दोघं जण, खाट कमरेपर्यंत वर, ब्रेक लावलेले, ड्रॉ शीट (पेशंटच्या अंगाखालची आडवी चादर) धरून 'एक, दोन, तीन'. गुडघ्यात वाका, कमरेत नाही. पेशंटला ओढायचं नाही, उचलून सरकवायचं, नाहीतर घासून कातडी सोलवटते. पोटऱ्यांखाली उशी द्या म्हणजे टाचा अधांतरी राहतात. व्हीलचेअरवर घेताना खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला लावा, ब्रेक लावा, पायपट्ट्या वर करा. स्ट्रेचर नेताना पाय पुढे; रॅम्पवर मात्र डोकं नेहमी चढाच्या बाजूला.

भरवताना आणि भरवून झाल्यावर किमान अर्धा तास पेशंट टेकून बसलेला हवा. नाकातून पोटात गेलेली रायल्स ट्यूब, जिला सगळे 'आरटी' म्हणतात, तिच्यातून फीड द्यायचं काम सिस्टरच्या देखरेखीशिवाय करू नका. नळी सरकलेली असली तर दूध फुप्फुसात जातं.

पेशंटची मराठी आणि वॉर्डची भाषा

वैद्यकीय शब्दांची यादी पाठ करून उपयोग होत नाही. पेशंट काय म्हणतो, त्याला वॉर्डात काय म्हणतात, आणि दोन्हींच्या मधली गफलत कुठे होते, तिथून सुरुवात करा.

'चक्कर येते' हे एक वाक्य नाही, दोन आहेत. "घर फिरतंय, गरगरतंय" म्हणजे व्हर्टिगो. "उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते" ही वेगळी तक्रार, बीपी पडत असण्याची शक्यता जास्त. विचारा, "आजोबा, खोली फिरते की अंधारी येते?" 'लघवी होत नाही' याचेही दोन अर्थ. ओटीपोट फुगलंय, कळ येते आणि होत नाही, ते रिटेन्शन, म्हणजे तुंबलीय. पोट मऊ आहे आणि तयारच कमी होतेय, ते ऑलिग्युरिया. डॉक्टर दोन्हींत अगदी वेगळं काही करणार. 'तोंडातून रक्त पडलं' हे सांगताना खोकल्यातून की उलटीतून, ते बघून सांगा: खोकल्यातून ते हिमॉप्टिसिस, उलटीतून ते हिमॅटेमेसिस. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी म्हणजे मेलिना, बहुधा जठरात किंवा आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ते ठरवणं आपलं काम नाही. रंग, वास, वेळ सांगा. धाप म्हणजे डिस्प्निया, सूज म्हणजे इडिमा, कावीळ म्हणजे जॉन्डिस किंवा इक्टेरस, धडधड म्हणजे पालपिटेशन, आकडी म्हणजे कन्व्हल्शन. 'पिशवी काढलीय' असं बाई म्हणाल्या तर गर्भाशय काढलंय, हिस्टरेक्टॉमी झालीय. 'गॅस झालाय' म्हणून छाती चोळत बसलेल्या, घाम फुटलेल्या माणसावर मात्र स्वतः गॅसचं निदान करू नका. सिस्टरकडे पळा.

लांबलचक शब्द तोडायला शिका, ते आगगाडीच्या डब्यांसारखे जोडलेले असतात. 'आयटिस' शेवटी आलं की दाह: गॅस्ट्रायटिस, हेपटायटिस. 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढलं, 'ऑटॉमी' म्हणजे चिरून उघडलं, 'ऑस्टॉमी' म्हणजे भोक पाडून वाट केली. म्हणून अपेंडिसेक्टॉमी, लॅपरॉटॉमी, कोलोस्टॉमी. 'स्कोपी' म्हणजे दुर्बीण घालून बघणं. 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद. 'नेफ्रो' मूत्रपिंड, 'न्यूरो' मज्जासंस्था, 'हेपॅटो' यकृत. 'हेमि' म्हणजे अर्धं आणि 'हिमॅ' म्हणजे रक्त: हेमिप्लेजिया हा अर्धांगवायू आणि हिमॅट्युरिया ही लघवीतून रक्त. 'हायपो' (कमी) आणि 'हायपर' (जास्त) तर फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून तोंडी सांगताना 'शुगर लो, ५८' असं आकड्यासकट सांगायचं. ७० च्या खाली म्हणजे धावायची वेळ. बोटाला टोचून केलेल्या शुगरला इकडे 'एचजीटी' म्हणतात, काही ठिकाणी 'जीआरबीएस', वस्तू एकच.

चार्टवरच्या तुटक अक्षरांपैकी ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. एसओएस वाचून घाबरू नका, इथे त्याचा अर्थ फक्त 'गरज लागली तर'. पीटी म्हणजे कुठे पेशंट, कुठे फिजिओथेरपी, कुठे रक्त गोठण्याची तपासणी. शंका आली की विचारा. एमएलसी म्हणजे पोलिसांशी संबंध असलेली केस, अशा पेशंटचे कपडे धुऊ नका, नातेवाइकांना परस्पर देऊ नका, सिस्टरना विचारा.

आणि एनबीएम. निल बाय माउथ, तोंडाने काहीही नाही, पाण्याचा घोटसुद्धा नाही. माझ्या हाताखालच्या एका मुलाने, सून काकुळतीला आली म्हणून, ऑपरेशनच्या सकाळी एका आजींना अर्धा कप चहा दिला. चांगुलपणानेच दिला. भूल देताना पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून दुधाच्या चहाला कित्येक तासांचं अंतर लागतं; ऑपरेशन पुढे ढकललं, आजी आणखी एक रात्र उपाशी. मुलाने लपवलं नाही, स्वतः येऊन सांगितलं. त्याला मी ओरडले, पण नंतर अवघड पेशंट त्याच्याकडेच द्यायला लागले.

रंगीत बादल्या

बायोमेडिकल कचऱ्याचे नियम २०१६ चे आहेत. रक्त-पू लागलेला कापूस, बँडेज पिवळ्या पिशवीत. सलाईनचा सेट, कॅथेटर, युरोबॅग, ग्लोव्हज असं प्लास्टिक-रबर लाल. सुया, ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. काचेच्या व्हायल, अँप्युल निळ्या खोक्यात. वडापावचा कागद यांपैकी कशातच नाही, तो साध्या कचऱ्यात.

सुईला टोपण परत लावायचं नाही, कोणी सांगितलं तरी नाही. चादर झटकताना विसरलेली सुई टोचली तर: बोट पिळू नका, चोखू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, त्याच मिनिटाला इन्चार्जना सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू होतील तितकं चांगलं. ७२ तासांनंतर उपयोग नाही. 'ओरडतील' म्हणून दोन दिवस गप्प बसलेली मुलगी मी बघितलीय. हिपॅटायटिस बी ची लस कामावर लागण्याआधी घ्या, ० - १ - ६ महिने अशा तीन डोसांची.

ज्याला हात लावायचा नाही

इंजेक्शन, गोळी, सलाईनचा वेग, कॅथेटर घालणं-काढणं, ऑक्सिजनचं चाक. ऑक्सिजनवर सगळ्यांचा हात शिवशिवतो, कारण धाप लागलेल्याला जास्त द्यावा असंच वाटतं. पण जुनाट दम्यासारख्या फुप्फुसांच्या काही रुग्णांमध्ये डॉक्टर मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवतात; त्यांना जास्त ऑक्सिजन घातक ठरू शकतो. सुरुवातीला 'मी सिस्टर नाही' म्हणायला सांगितलं ते यासाठी. एकदा सिस्टर म्हणवून घेतलं की नातेवाईक म्हणतात, "सिस्टर, तेवढं सलाईन जरा फास्ट करा ना." रिपोर्टचं तसंच: 'काही काळजी करू नका' हेसुद्धा तुम्ही सांगायचं नाही. पेशंटचा फोटो तर अजिबात नाही, हसरा असला तरी.

आकडी आलेल्या पेशंटला कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान दूर करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल तर नाहीच. नातेवाईक आणतील, त्यांना थांबवा. तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं बोबडं, असं अचानक दिसलं तर शेवटचा नीट कधी होता ती वेळ लक्षात घ्या. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. हाक मारून, खांदा हलवून उत्तर नाही आणि श्वास नाही, तर ओरडून मदत बोलवा आणि छाती दाबायला लागा: मिनिटाला १०० ते १२०, ५-६ सेंटिमीटर खोल. हे वाचून येत नाही, बाहुल्यावर हात बसवूनच येतं.

पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, वॉर्ड डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) यांनी भरतात, कॉरिडॉरमध्ये खाटा लागतात. डेंग्यूच्या पेशंटच्या हिरड्या, अंगावरचे लाल ठिपके, शीचा रंग बघा. ताप उतरला म्हणून घरचे खूश होतात, आणि नेमके तेच एक-दोन दिवस जपायचे असतात: पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की लगेच सांगा.

घरचा पेशंट

ब्युरोमार्फत, म्हणजे घरोघरी माणसं पुरवणाऱ्या संस्थेमार्फत, घरी जाऊन पेशंट सांभाळणारे आपल्याकडे खूप आहेत. घरात सिस्टर नसते, म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या: कोणत्या गोळ्या किती वाजता, कशाची ॲलर्जी, डॉक्टरांचा नंबर, कोणत्या रुग्णालयात न्यायचं. नातेवाइकांनी डबीत भरून ठेवलेल्या गोळीची आठवण करणं ठीक. डोस कमी-जास्त करणं नाही. तुमचे तास, जेवण, सुट्टी, स्वयंपाक-धुणीभांडी करायची की नाही, हे ब्युरोकडून आधी स्पष्ट करून घ्या. नंतर मोलकरीण व्हायला वेळ लागत नाही. घोडबंदर रोड किंवा खारघरच्या टॉवरमध्ये असाल तर स्ट्रेचर मावणारी लिफ्ट कोणती, ते वॉचमनला पहिल्या दिवशी विचारा. १०८ ची गाडी खाली उभी आणि आजोबा एकविसाव्या मजल्यावर, अशा वेळी ते शोधत बसू नये.

ओव्हर द्यायची वेळ

पाळी संपताना वही उघडा. मत सांगू नका, बघितलेलं सांगा. 'काकू बऱ्या वाटत नाहीत' यावर कोणी काही करू शकत नाही. असं सांगा:

"बेड ७, म्हात्रे काकू. डाव्या बाजूचा हेमिप्लेजिया, आरटी आणि कॅथेटर आहे. बीपी उजव्या हातालाच घ्या. १२ वाजता श्वास २६ आला, परत मोजला, तेवढाच. सिस्टरना सांगितलं, डॉक्टर बघून गेले. १ वाजता २२. सहा तासांत आउटपुट ३५०. शेवटची पोझिशन दीडला, उजव्या कुशीवर. डाव्या टाचेवर लाली आहे, दाबली तरी जात नाही, उशी दिलीय, चार्टवर लिहिलंय. उद्या सकाळी पीटी आहे, रक्ताची, फिजिओची नाही. कवळी वाटीत आहे, नाव घातलंय. आणि त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही, डावीकडून बोला."